कचऱ्याचा जमाखर्च

घरांतला कचरा दाराबाहेर ठेवला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत मानलें जातें. वस्तुतः त्याचा खरा प्रवास तेथूनच सुरू होतो. टाकाऊ मालापासून नवा माल बनविण्याचे प्रयत्न आज अनेक नगरांत चालू आहेत. परंतु त्यांतून लाभ किती झाला, हें मोजावयाचें कसें?

पहिला प्रश्न तराजू कोठें ठेवावा हा. समजा, १०० किलो कागद गोळा झाला. निवडतांना २० किलो भिजका व मळका म्हणून टाकावा लागला आणि कारखान्यांत आणखी १० किलोची घट झाली, तर हातीं आला ७० किलोच. गोळा झालेल्या मालालाच यश मानणें म्हणजे पेरलेल्या बियांना पीक म्हणण्यासारखें आहे. युरोपीय संघानें २०३५ पर्यंत नगरांतील ६५ टक्के कचरा पुन्हा उपयोगांत आणण्याचें ध्येय २०१८ सालीं ठरविलें. तेव्हां निवड होऊन पुनर्निर्मितीसाठीं प्रत्यक्ष आंत गेलेलें वजनच सामान्यतः धरावें, असा नियमही केला.

दुसरी गोष्ट अशी कीं, नुसतें वजनही फसवें असतें. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवें करतांना, खनिजापासून तें काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेपैकीं सुमारें ९५ टक्के वांचते. काचेचें तसें नाहीं. भट्टींत १० टक्के जुनी काच मिसळली तर ऊर्जेची बचत सुमारें ३ टक्केच होते. म्हणून किलोला किलो समान मानून चालत नाहीं. उलट, ज्याला भंगारवाला विचारीत नाहीं, त्या ओल्या कचऱ्याचें महत्त्व मोठें आहे. तो ढिगाऱ्यांत हवेवांचून कुजला म्हणजे मिथेन वायु निघतो. आणि शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता रोखतो. त्याचें खत केल्यास ही हानि बरीच टळते.

तिसरी वही पैशांची. तींत गाडीभाडें व भंगाराचा भाव असतो; पण पुष्कळ रकमा लिहावयाच्या राहून जातात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी येथें पडत आला. तेथील ग्रामस्थांनीं सोसलेली दुर्गंधी कोणत्या खात्यांत मांडली गेली? त्याच पुण्यांत १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढें २००८ मध्यें कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचें काम हातीं घेतलें. या कष्टकरी स्त्रिया जो माल वेगळा काढतात, तो डेपोपर्यंत वाहून नेण्याचा खर्च नगराला पडत नाहीं. तें वांचलेलें द्रव्य त्यांच्या श्रमाच्या नांवें जमा न करतां जी व्यवस्था स्वस्त म्हणून मिरविली जाते, ती स्वस्त नव्हे. तिचें देणें थकलेलें आहे.

या तिन्ही वह्या एकत्र उघडल्यावांचून खरा ताळेबंद निघत नाहीं. आणि तिन्हींतली पहिली नोंद स्वयंपाकघरांतच होते. ओल्या भाजीच्या देंठांत कागद मिसळला कीं कागदाची किंमत गेली, खतही बिघडलें. आणि फुटकी काच तशीच टाकली तर कोणाचा तरी हात कापला. दोन डबे ठेवण्यास आणि काच निराळी बांधून देण्यास गृहिणीला व गृहस्थाला कितीसा वेळ लागतो?