नोंद खरी की चुकीची, हे ठरवतं कोण?

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी बरेच जण ट्रेकला जातात, पक्षी दिसला की फोटो काढतात आणि ईबर्डवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाकतात. पुढे त्या नोंदीचं काय होतं? ती बरोबर आहे हे कोण बघतं?

माझी थोडी ओळख करून देतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री जेवण झालं की तासभर आयनॅचरलिस्टवर महाराष्ट्रातून आलेले फोटो बघतो. ओळख पटली तर 'हो, बरोबर' म्हणायचं, नाही पटली तर 'मला हे वेगळं वाटतंय, कारण असं असं' लिहायचं. पगार शून्य. पण मजा येते, म्हणून करतो.

आधी हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो. २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती त्यात मांडलीय. त्यासाठीचा डेटा होता ३ कोटी नोंदींचा, आणि त्या दिल्या होत्या ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या माणसांनी. कुठला पक्षी कमी होतोय, कुणाला आधी वाचवायला हवं, हे अशा नोंदींवरून ठरतं. मग त्या तपासायला नकोत?

आता तपासणी कशी होते ते बघू. ईबर्डवर पहिली चाळणी कॉम्प्युटरची. प्रत्येक भागासाठी, वर्षाच्या त्या त्या काळासाठी आणि प्रत्येक जातीसाठी एक आकडा ठरवलेला असतो. समजा, मे महिन्यात तुमच्या जिल्ह्यात एखादा हिवाळी पाहुणा अपेक्षितच नाही, म्हणजे आकडा शून्य. तुम्ही तो पक्षी टाकलात की अ‍ॅप लगेच विचारतं, 'नक्की? जरा सविस्तर लिहा.' मग ती नोंद त्या भागाच्या रिव्ह्यूअरकडे जाते. तो हाडामांसाचा माणूस असतो, तोही स्वयंसेवकच. त्याला पटलं नाही तरी नोंद तुमच्या यादीतून पुसली जात नाही. ती फक्त सार्वजनिक नकाशात आणि संशोधनाच्या डेटात येत नाही. हे मला फार आवडतं. तुमची वही तुमचीच राहते.

आयनॅचरलिस्टची पद्धत वेगळी. तिथे फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण हवं. मग किमान दोन जणांचं एकमत हवं, आणि मतं जास्त असतील तर दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं. तेव्हा कुठे नोंदीला 'रिसर्च ग्रेड' मिळते.

इथे एक गोची आहे. अ‍ॅप स्वतःच नाव सुचवतं. माणूस ते बघतो आणि ओके करतो. मग त्याचा मित्र येऊन 'अ‍ॅग्री' दाबतो. झाली दोन मतं! पण खरं सांगा, ही दोन मतं आहेत का? एकच अंदाज दोनदा मोजलाय. म्हणून माझं स्वतःसाठी एक पथ्य आहे : फोटोतली खूण मला स्वतःला दिसली नाही, तर 'अ‍ॅग्री' दाबायचं नाही. नुसतं 'असेल बाबा' चालत नाही.

बहुतेक चुकीच्या नोंदींमागे खोटेपणा नसतो, हे आवर्जून सांगतो. कारणं अगदी साधी असतात. उदाहरणार्थ, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो. व्हॉट्सअ‍ॅप फोटोतली मूळ तारीख आणि ठिकाण काढून टाकतं. मग भिगवणचा रोहित पक्षी कोथरूडच्या बाल्कनीत बसलेला दिसतो! पक्षी खरा, फोटो खरा, नोंद मात्र चुकीची. किंवा प्राणीसंग्रहालयातला वाघ. तो टाकायला हरकत नाही, पण 'बंदिस्त' अशी खूण करायला हवी.

दुसरं कारण म्हणजे दिसायला सारखे प्राणी. पावशा माहितीय ना, 'पेर्ते व्हा' म्हणणारा? तो दिसायला इतका शिकऱ्यासारखा, की लांबून भलेभले फसतात. अशा वेळी चोच बघायची. शिकऱ्याची आकडीसारखी, मांस फाडणारी; पावशाची साधी. आवाजाचंही तसंच. अ‍ॅप म्हणतं शिकरा, आणि झाडावर असतो नकला करणारा भृंगराज. आणि मण्यार की कवड्या, हा प्रश्न तर चेष्टेचा नाहीच. एक जहाल विषारी, दुसरा बिनविषारी. तिथे चुकीचं 'अ‍ॅग्री' वाचून कुणी साप हातात घेतला तर?

आता एक खरी गोष्ट सांगतो. ती आपल्या खानदेशातली आहे.

रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्या काळात गोळा केलेले मोजकेच नमुने संग्रहालयांत होते. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने काही मिळवले होते. १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच : कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला नमुना. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. कर्नलसाहेबांचं नाव मोठं, त्यामुळे नोंद पुस्तकांत गेली. पुढे शोधणाऱ्यांचं लक्ष तिकडेही वेधलं गेलं. पक्षी काही मिळाला नाही. लोक म्हणू लागले, संपला बहुतेक.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ आल्या. त्यांनी जंगलात जायच्या आधी नमुने तपासले, क्ष-किरणांखाली सुद्धा. तेव्हा उघड झालं की कर्नलचा नमुना त्याचा नव्हताच. तो डेव्हिडसनने जमवलेला, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता. मांडवी १९१४ ही नोंदच बनावट! ती बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. भर दिवसा, झाडावर बसलेला. तब्बल ११३ वर्षांनी.

विचार करा. एक खोटी चिठ्ठी कित्येक दशकं टिकली, कारण ती मोठ्या माणसाची होती. आमच्या कामात नियम असतो की कोड कितीही सीनिअर माणसाने लिहिलेला असो, रिव्ह्यूशिवाय तो मर्ज होत नाही. नोंदींचंही तेच हवं. नाव बघायचं नाही, पुरावा बघायचा. कुण्या प्रोफेसरची बिनफोटोची नोंद आणि शहाद्याच्या कॉलेजातल्या मुलीचा डोकं, छाती, शेपूट स्पष्ट दिसणारा फोटो, यांत माझ्यासाठी दुसरी नोंद वजनदार आहे.

पण याची दुसरी बाजूही आहे. 'हा पक्षी इथे असूच शकत नाही' म्हणून दार लावून घेणंही तितकंच चूक. २०१४ मध्ये रानपिंगळा तानसा अभयारण्यात सापडला, म्हणजे मुंबईपासून फार लांब नाही. त्याआधीचा नकाशा बघून कुणी ती नोंद फेकून दिली असती तर? नकाशा शेवटी जुन्या नोंदींवरूनच बनतो. म्हणून फिल्टरचं काम प्रश्न विचारायचं आहे, निकाल द्यायचं नाही.

तेव्हा उद्या तुम्हाला रिव्ह्यूअरचा मेल आला, 'जरा अजून माहिती द्याल का?', तर चिडू नका. तो तुम्हाला खोटं ठरवत नाहीये. तुमची नोंद पन्नास वर्षांनी कुणी उघडली तरी तिला उभं राहता यावं, म्हणून तो विचारतोय. काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नंतर. फोटो वाईट असला तरी टाका. जवळचा एक, लांबचा एक, जमलं तर पाठमोरा एक. जात कळत नसेल तर नुसतं 'घुबड' लिहून सोडा. अर्धवट खरी नोंद पुढे पूर्ण होऊ शकते.

आणि जमलं तर आठवड्यातून अर्धा तास तुम्हीही इतरांच्या नोंदी तपासा. सगळे पक्षी यायला हवेत असं नाही. तुमच्या आवारातले दहा नीट येत असतील, तर त्या दहांपासून सुरू करा. नवख्या माणसाला 'चूक' एवढंच लिहून सोडू नका. कुठली खूण बघायची ते एका ओळीत सांगा. पुढच्या वेळी तोच दुसऱ्याला सांगेल.

तुमच्या भागात हमखास फसवणारा पक्षी, साप, फुलपाखरू कुठलं, ते मला कळवा. त्यावर पुढे एक भाग करूया. तोवर फिरत राहा, बघत राहा. भेटू!