न सुजणारी कास

(कन्हेरी, ता. बारामती येथे दूध उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो तो रोग, आपणांस नवा नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला आणि पुढे पुणे जिल्ह्याच्या गोठ्यागोठ्यांतून भरपूर दूध देणाऱ्या गाई दिसू लागल्या. दूध जितके अधिक, तितका कासेला या रोगाचा धोकाही अधिक. म्हणून आज औषधांच्या नावांपेक्षा कास सुजते म्हणजे नेमके काय होते, हे आपण समजून घेऊ.

लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे 2000 वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. ती पाहून आपण समजतो की, सूज हाच रोग. वस्तुतः सूज जंतू आणीत नाही. ती गाईचे शरीर स्वतः घडवून आणते. सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरला की, कासेच्या अस्तरातील पेशी आणि तेथे पहाऱ्यावर असलेल्या भक्षक पेशी त्याला ओळखतात व काही सूक्ष्म प्रथिने सोडतात. शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाइन म्हणतात; आपण संदेशद्रव्ये म्हणू. गावात चोर शिरल्यावर पहिल्या घराने हाकाटी करावी, तसे हे काम आहे. इंटरल्यूकिन-८ हे द्रव्य रक्तातील पांढऱ्या पेशींना कासेकडे बोलावते. इंटरल्यूकिन-१ आणि १९७५ साली नाव मिळालेले टीएनएफ ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. त्यातून पेशी आणि पाणी बाहेर झिरपते आणि कास दगडासारखी होते. हाच निरोप मेंदूपर्यंत गेला की ताप चढतो, गाय वैरण सोडते, रवंथ मंदावते.

हाकाटी थांबविणारीही द्रव्ये असतात. इंटरल्यूकिन-१० हे त्यांपैकी एक. ते वेळेवर आले नाही, तर पांढऱ्या पेशींतील तीव्र विकरे जंतूंबरोबर दूध तयार करणाऱ्या पेशीही जाळतात, आणि तो कप्पा पुढील वेतात पुरते दूध देत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सर्व जंतूंना शरीर सारख्याच आवाजात उत्तर देत नाही. शेणातून येणाऱ्या ई. कोलाय जंतूचे बाह्य आवरण पेशी तत्काळ ओळखतात. ते ओळखणारा ग्राहक १९९८ साली उमगला आणि त्या संशोधनाबद्दल ब्रूस बॉयटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या जंतूने काही तासांतच हाकाटी होते. पुष्कळदा पांढऱ्या पेशी त्याचा निकाल स्वतःच लावतात. परंतु नुकत्याच व्यालेल्या गाईत त्या पेशी उशिरा पोहोचतात. दरम्यान जंतू वाढतात, हाकाटी बेसुमार होते आणि सकाळी धडधाकट असलेली गाय सायंकाळी उठत नाही. अशा वेळी पशुवैद्यकास बोलावणे उद्यावर टाकू नये.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मात्र गुपचूप येतो. ई. कोलायने बाधित केलेल्या कप्प्याच्या दुधात टीएनएफ व इंटरल्यूकिन-८ भरपूर सापडतात, तर या जंतूच्या बाबतीत ती फारच थोडी, असे प्रयोगांत दिसून आले आहे. हाक दुबळी, म्हणून सूज नाही, ताप नाही. जंतू पेशींच्या आत आणि पुवाच्या बारीक पुटकुळ्यांत घर करतो. दूध थोडेथोडे घटते, दुधातील साखर कमी होते, केंद्रावर एसएनएफ उतरते, आणि आपण दोष देतो तो वैरणीला! मला या न सुजणाऱ्या कासेचे भय अधिक वाटते.

ती ओळखण्याचा उपाय १९५७ पासून उपलब्ध आहे. कॅलिफोर्निया चाचणीत चार वाट्यांच्या पसरट भांड्यात चारही सडांचे दूध वेगवेगळे घेऊन तितकेच जांभळट द्रावण मिसळतात व भांडे गोल फिरवतात. पांढऱ्या पेशी फुटतात आणि बाधित कप्प्याचे दूध चिकट होते. निरोगी कप्प्याच्या एक मिलिलिटर दुधात या पेशी साधारणतः एक लाखाहून कमी असतात. दोन लाखांपुढे गेल्यास संशय घ्यावा.

सूज उतरविणाऱ्या औषधाने वेदना कमी होते, जंतू मरत नाही. ते द्यायचे की नाही, हे पशुवैद्यकाने ठरवावे. (डायक्लोफिनॅक जनावरांना देऊच नये, गिधाडांच्या संहारास ते कारणीभूत ठरल्याने २००६ साली त्यावर बंदी आली.) शेजाऱ्याकडे उरलेली प्रतिजैविकाची नळीही सडात सोडू नये.

धारा बहुधा भगिनीच काढतात, म्हणून त्यांना विनंती. चाचणीत दूध चिकट झालेली गाय सर्वांत शेवटी पिळावी. धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावा आणि गाईपुढे ताजी वैरण टाकावी. सडाचे छिद्र काही काळ उघडेच असते. तेवढा वेळ, निदान अर्धा तास, ती उभी राहिली पाहिजे. गाय आटवताना चारही सडांत औषध सोडण्याविषयी पशुवैद्यकास विचारावे, कारण घर करून बसलेल्या जंतूवर औषधाचा परिणाम दुभत्या काळापेक्षा त्या काळात अधिक होतो.

आता भांडे आणि द्रावण येथे आणले आहे. ज्यांनी सकाळचे दूध सडागणिक वेगळे आणले असेल, त्यांनी पुढे यावे.