मठग्रामाची कथा



मडगावचे जुने नाव मठग्राम. विवाहाहून परतताना माकाजी दामोदराची हत्या झाली व त्याच्या स्मृतीतून श्रीदामोदराचे देवस्थान उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. १६ व्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देऊळ पाडले गेले. दैवत सासष्टीबाहेर जांबावलीस गेले. तथापि शिगम्यात मडगावकर जांबावलीस गुलाल उधळतात, तेव्हा सारे शहरच दामबाबाच्या भेटीस जाते. देवळाची भूमी गेली, परंतु कथेने गाव आणि गावकऱ्यांचे मन सांभाळले.

आज आपली मुले दूरदेशी वसली आहेत. त्यांना केवळ वर्गणीची पावती पाठवू नका. मडगावाहून जांबावलीची वाट दाखवा, वाटेत ही कथा सांगा. कथा विसरलेला महाजन केवळ नोंदवहीतले नाव उरतो.