उत्तराचे काय करावयाचे? : स्वागताध्यक्षांचे भाषण

कशेडी, आंबेनळी व वरंध असे तिन्ही घाट ओलांडून आलेले वैद्यकबंधू आणि भगिनींनो,

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या आश्रयाने वाढलेल्या, रायगडाच्या सावलीत वसलेल्या महाडच्या या जुन्या बाजारपेठेत आपले स्वागत करण्याचा मान मजकडे यावा, याचे मला स्वतःलाच नवल वाटते. कारण माझी सारी हयात येथल्या कचेरीत वकिली करण्यात गेली असून, वैद्यकशास्त्राशी माझा संबंध काय तो रोगी या नात्याने. परंतु ज्या विषयासाठी आपण जमला आहात, म्हणजे अनावश्यक तपासण्या आणि अनावश्यक उपचार टाळणारा विवेक, त्या विषयाची कैफियत मांडण्याचा अधिकार रोग्याला नाही, असे कोणी म्हणू नये.

माझ्या गुरुस्थानी असलेल्या वकिलांनी मला पहिल्याच वर्षी एक धडा घालून दिला होता. साक्षीदाराला प्रश्न विचारण्यापूर्वी, त्याचे उत्तर ‘होय’ आले तर तू काय करशील आणि ‘नाही’ आले तर काय करशील, हे मनाशी ठरव. दोन्ही उत्तरांनी तुझ्या वाटेत काडीचाही फरक पडणार नसेल, तर तो प्रश्न विचारू नकोस. तपासणी हा देखील रोग्याच्या देहाला विचारलेला प्रश्नच नव्हे काय?

हा धडा आमच्या तालुक्याने एका विंचवाकडून गिरवला आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातून आलेले तरुण वैद्य जवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा भाताच्या पेंढ्यात आणि जांभ्याच्या फटीत लपणारा लाल विंचू चावला की, रात्रभर घाम, उलट्या आणि अखेर फेसाळ खोकला, अशा क्रमाने धडधाकट माणसे दगावत. त्यांच्या हाताशी नाडी, रक्तदाबाचे यंत्र, कान, डोळे आणि रोग्याच्या उशाशी बसून राहण्याची चिकाटी, एवढेच भांडवल होते. कोणाचे हातपाय गार पडले, कोणाला घाम सुटला, कोणाची लाळ गळू लागली, याची रात्रीमागून रात्र नोंद ठेवून, हृदयावर येणारे संकट आधीच सांगणाऱ्या या लक्षणांवर त्यांनी लिहिलेला निबंध 1982 साली ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या विषावर चालविली, आणि तिचा वृत्तान्त 1986 साली त्याच नियतकालिकात आला. गंभीर रोग्यांपैकी शेकडा चाळीसपर्यंत मरत, ते प्रमाण एकाच्या आसपास उतरले. थंडगार पडलेले पाऊल पुन्हा ऊबदार लागणे, हा गुण आल्याचा दाखला वैद्याच्या तळहातालाच मिळत असे. आणि अनावश्यक उपचारांचा निकालही त्याच ओघात लागला: रिवाजाने टोचली जाणारी स्टेरॉइडे निरुपयोगी, तर ॲट्रोपीन अपायकारक ठरू शकते, हे उघड झाले.

तथापि तपासणी न करणे म्हणजेच विवेक, असा माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. सर्पदंश झालेल्या माणसाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे न हलविता ठेवावे. ते गोठले नाही तर विष रक्तात भिनले, असे समजावे. या कवडीमोल परीक्षेने प्रतिविष द्यावे की नाही, याचा निर्णय फिरतो, कारण दंश झालेल्या प्रत्येकाच्या अंगात विष शिरतेच असे नाही. उलटपक्षी, जमिनीवर झोपलेला मजूर पहाटे पोट दुखते म्हणून आला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या असतील, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्याराची शंका घेण्याऐवजी त्याला सोनोग्राफीच्या रांगेत बसविणारा वैद्य मोलाचा वेळ दवडतो.

आणखी एक हिशेब मला एका वैद्यमित्रानेच समजावून दिला. प्रयोगशाळेतील ‘सामान्य’ मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी शेकडा पंचाण्णव तीत बसतील, अशा बेताने आखलेली असते. तेव्हा परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर निघण्याचा संभव शेकडा चौसष्ट. मग त्या आकड्याचा शोध घेण्यासाठी दुसरी तपासणी, तिच्यासाठी पुणे-मुंबईची वाट, आणि त्या वाटेसाठी पोलादपूरच्या वाडीवरल्या एखाद्या घरची दुभती म्हैस विकली जाते.

यात आम्ही रोगीही निर्दोष नाही. पूर्वी ‘सुई मारा, सलाईन लावा’ म्हणून हट्ट धरणारे आम्ही, आता ‘एकदा फोटो काढाच’ म्हणतो, आणि विचारपूस करून कागदावर एकच औषध लिहिणाऱ्या वैद्यास अनाडी ठरवितो. जगभर हे दुखणे आहे: 2012 साली अमेरिकेत ‘चूझिंग वाईजली’ ही असे अतिरेक टाळण्याची चळवळ उभी राहिली, आणि 2019 साली आपल्याकडील राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील तज्ज्ञांनी कर्करोगोपचारात टाळण्याजोग्या दहा गोष्टींची यादी प्रसिद्ध केली.

परंतु अज्ञानाहून कठीण रोग लोभाचा. रोगी पाठविल्याबद्दल दलाली घेणे वा देणे 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी निषिद्ध ठरविले आहे; तरी 2013 साली एमआरआयसाठी रोगी पाठविल्याबद्दल डॉ. बावस्करांच्या हाती बाराशे रुपयांचा धनादेश आला, आणि त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे फिर्याद केली. नियम कागदावर असणे आणि तो अमलात येणे यांतील अंतर किती, हे आम्हा महाडकरांना कोणी सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली केला, आमच्या नगरपालिकेने पुढल्या वर्षी चवदार तळे खुलेही केले. पण त्या पाण्याला दलितांची प्रत्यक्ष ओंजळ लागण्यास 20 मार्च 1927 हा दिवस उजाडावा लागला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतः चालत यावे लागले. त्या महान लढ्याशी कशाचीही बरोबरी करण्याचे धाडस मी करीत नाही. ठरावाला पाय फुटत नाहीत, कोणीतरी चालावेच लागते, एवढाच बोध त्यातून घेतो.

आपल्या मुक्कामाच्या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ राहिल्या असतील. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी हा आमचा पाहुणचार गोड मानून घ्यावा. त्याबाबत तरी विशेष तपासण्यांची आवश्यकता नाही. उद्या आपापल्या गावी परतून पहिल्या रोग्याच्या कागदावर तपासणीचे नाव लिहिताना लेखणी क्षणभर थांबली, आणि ‘याच्या उत्तराचे मी काय करणार?’ असे आपण स्वतःस विचारले, तर आमच्या आतिथ्याची पुरेपूर फेड झाली, असे मी समजेन.