चिखलावरचे माहुल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"आपले गाव" या विषयावर बोला, असे चिटणीसबाई सांगावयास आल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण चौथीपर्यंत आणि जन्म गेला मासळी विकण्यात. पण त्या म्हणाल्या, "मावशी, बाजारात तुम्ही दिवसभर बोलता, इथे अर्धा तास बोलायला काय हरकत आहे?" यावर उत्तर सुचले नाही म्हणून उभी आहे. माझ्या नातीने हे कागदावर उतरून दिले. शुद्ध भाषा तिची, चुका माझ्या.

माझे माहेर वेसाव्याचे. 1969 साली, अठरा वर्षांची असताना, लग्न होऊन मी माहुलला आले. वेसाव्याला उघडा समुद्र, मोठ्या होड्या, वाळूचा किनारा. इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले, तर समोर पाणीच नाही! ओहोटीची वेळ. शिवडीच्या दिशेने नजर पोहोचेल तिथवर काळा चिखल आणि कडेला तिवराची झाडे. मला रडू आले. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस कशाला गो? तुज्या म्हायेरी दर्या पोट भरतो, आपल्याकडं ह्यो चिखल भरतो."

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. पुरुष खाडीत डोल लावीत, जवळा, करंदी, बोय आणीत. पण चिखल बायकांचा. लुगडे गुडघ्यावर खोचून, कमरेला टोपली बांधून आम्ही निघत असू. चिंबोरीचे बीळ कोणते आणि सापाचे कोणते, हे नुसत्या तोंडावरून ओळखायचे. निवट्या हाताने धरायच्या. त्या इतक्या बुळबुळीत की मला पहिले वर्षभर एकही सापडली नाही. जावा हसून बेजार होत. घरी आणून राखेत चोळायच्या तेव्हा कुठे हातात राहत. दगडावरची कालवे लोखंडी आकडीने फोडून काढायची. पायाला चिरा पडत, रात्री खोबरेल लावून निजायचे.

घड्याळ एकाही बाईकडे नव्हते, पण ओहोटी कधी चुकली नाही. सासूबाईंनी शिकवलेला हिशोब तुम्हांला सांगते, कारण आता तो माझ्या सुनांनाही येत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, त्या दिवसांत सकाळी सहाच्या आगेमागे पाणी लांबवर जाते आणि चिखल मोठा उघडा पडतो. तोच आमचा कमाईचा दिवस. अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी धड भरत नाही, धड ओसरत नाही. त्या दिवशी सुकट निवडायची, जाळी शिवायची, लग्नाच्या गोष्टी करायच्या. पंचांग देवासाठी असते हे मला सासरी येऊन बऱ्याच उशिरा कळले. आमच्या घरी ते मासळीसाठी भिंतीला टांगलेले असे.

आता थोडे जुने सांगते. मुंबईची सात बेटे म्हणतात ना, त्यांत आपण नव्हतो. तुर्भे हे निराळेच बेट. त्याच्या कडेला आपण. पोर्तुगीज आले, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. यातले सासूबाईंना काही ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी राज्य दोनच, भाताच्या आधीचे आणि कारखान्यानंतरचे.

कारण कोळ्यांचा चिखल तशी आगऱ्यांची भातशेती आणि मिठागरे गावाभोवती होती. खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवायचा. त्याचा तांदूळ लालसर, भाकरी गोड. हे मी पाहिले नाही, ऐकले आहे. 1951 मध्ये सरकारचे परदेशी तेल कंपन्यांशी करार झाले. 1954 मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि 1955 मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धी कारखाना सुरू झाला. 1956 मध्ये टाटांचे वीजकेंद्र आणि त्याच वर्षी 4 ऑगस्टला डोंगराच्या पलीकडे अप्सरा ही अणुभट्टी. 1965 मध्ये खताचा कारखाना. दहा-बारा वर्षांत एवढे सगळे! देशाला तेल हवे होते, खत हवे होते, हे खरेच. गावातल्या काही पोरांना नोकऱ्याही लागल्या. आमच्या थोरल्या दिरांना लागली, म्हणून आमचे घर पक्के झाले. हेही सांगितले पाहिजे. रात्री चिमणीच्या टोकाला जळणारी ज्योत बघून मी नवी नवरी असताना घाबरले होते. माझी मुले त्या उजेडात अभ्यास करीत.

पण मासळीला वास येऊ लागला. तेलकट वास. शिजवली तरी जात नसे.

आता जी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती ती सांगते. बाजारात गिऱ्हाईक विचारी, "मावशी, मासळी कुठची?" आणि मी म्हणे, "भाऊच्या धक्क्याची." टोपलीत माझ्याच हाताने काढलेल्या चिंबोऱ्या असत, तरी मी धक्क्याचे नाव सांगे. वीस-पंचवीस वर्षे सांगितले. मुलीचे लग्न जमवताना वेसाव्याच्या भावाच्या घरून बोलणी केली, कारण "माहुल" म्हटले की पाहुणे नाक मुरडीत. गावाचे नाव घ्यायचेच नाही, अशी सवय लागली.

1990 नंतरच्या दशकात रोहित पक्षी यायला लागले. शिवडीच्या बाजूला लोक दुर्बिणी घेऊन आमचाच चिखल बघायला जमू लागले. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाखरांना आपली निवटी आवडली वाटतं." पक्ष्यांना निवटी नव्हे, शेवाळ लागते हे मला नातीने सांगितले; पण सासूबाईंना कोण सांगणार!

मग 2017 मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हलवून माणसे त्या 72 इमारतींत आली. भगिनींनो, त्यांतल्या काहीजणी आज इथे बसल्या आहेत, म्हणून त्यांच्या तोंडावर बोलते. तुमचे बोलणे वर्तमानपत्रांत आले, मोर्चे निघाले, माहुल म्हणजे नरक असे छापून आले. मला राग आला. पाण्याच्या नळावर एका बाईला मी म्हटले, "एवढे वाईट आहे तर आलात कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "काकी, आणून टाकलंय. पण तुम्हाला वास येत नाही का?"

मी काही बोलले नाही. घरी येऊन दार लावून घेतले. नातीची रोज रात्रीची खोकल्याची बाटली फळीवर होती.

वास येत होताच. आपल्याच गावच्या लोकांनी 2014 मध्ये हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली होती, केईएम रुग्णालयाच्या पाहणीत बहुसंख्यांना धाप आणि डोळ्यांची जळजळ असल्याचे निघाले होते, आणि डिसेंबर 2015 मध्ये हवा दूषित असल्याचा निकालही लागला होता. हे सर्व मला ठाऊक होते. तरी मी त्या सभांना गेले नाही. गाव बदनाम होईल असे वाटे. तुमच्यासाठी सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांना जायचे आहे त्यांना दुसरे घर द्या, नाही तर महिना 15,000 रुपये भाडे द्या. काहीजणी गेल्या. आम्ही कुठे जाणार? तेव्हापासून त्या नळावरच्या बाईशी मात्र माझे येणे-जाणे आहे. तिला मी तिथीचा हिशोब शिकवला. ती सोलापूरकडची, तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. आता ओहोटी माझ्या सुनेपेक्षा अचूक सांगते.

मंडळाला माझी एक विनंती. चिखलातल्या प्रत्येक वळणाला, प्रत्येक खडकाला म्हाताऱ्या बायकांकडे नाव होते. मला आता चार-पाचच आठवतात. ज्या दोघी-तिघी अजून आहेत त्यांच्याकडून ती लिहून घ्या, या पावसाळ्याच्या आत घ्या.

गुडघे दुखतात तरी आठवड्यातून दोन दिवस मी बाजारात बसते. गेल्या महिन्यात एका तरुण बाईने चिंबोरी उचलून विचारले, "आजी, कुठची?" मी म्हटले, "माहुलची." तिने ती पाटीत परत ठेवली. तिचे चुकले असे मी म्हणत नाही. नातीला मीही आता ती चिंबोरी वाढत नाही, सुनेने बंद केली आहे. मग पाटीत का ठेवली, असे तुम्ही विचाराल. तेच मीही त्या दिवशी घरी येईपर्यंत स्वतःला विचारीत होते. उरलेल्या चिंबोऱ्या तशाच परत आणल्या आणि अंधार पडल्यावर खाडीत सोडून दिल्या.