प्रभुभोजनाची पंगत



दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची कहाणी बहुधा 1948 सालापासून, नॅशनल पार्टीच्या सत्तेपासून सांगितली जाते. पण त्याच्या नव्वद वर्षं आधीच ही रेघ चर्चमध्ये ओढली गेली होती. काळ्या ख्रिस्ती माणसांच्या पंगतीला बसून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, करायला काही गोरे तयार नव्हते. 1857 मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने आधी मान्य केलं, की सर्वांनी एकत्र उपासना करणं हेच बायबलला धरून आहे. आणि मग काहींच्या मनाच्या दुबळेपणापायी वेगळ्या उपासनेला मुभा दिली! या सवलतीची रीत झाली. 1881 मध्ये मिश्रवंशीयांसाठी निराळं मिशन चर्च उभं राहिलं.

गोऱ्यांच्या दारात ताटकळत राहणं अनेक आफ्रिकी भाविकांनी नाकारलं. 1910 च्या सुमारास इसाया शेंबे यांनी डर्बन परिसरात नाझरेथ बाप्टिस्ट चर्च स्थापलं. तिथले भक्त पांढरे झगे घालतात, अनवाणी उपासना करतात, ढोलाच्या ठेक्यावर देवापुढे नाचतात. मिशनऱ्यांनी पूर्वजांच्या स्मरणाला भुताखेतांची पूजा म्हणून हिणवलं होतं. शेंबेंच्या भक्तांनी मात्र आपले वाडवडील, झुलू भाषेतले ‘अमाद्लोझी’, सोडले नाहीत. या धैर्याची दखल विद्वानांनी फार उशिरा घेतली.

पुढे तर काळ्यांच्या नजरेतून ख्रिस्ती धर्मविचार नव्याने मांडणारी ‘ब्लॅक थिऑलॉजी’ उभी राहिली. अमेरिकेत धर्मशास्त्रज्ञ जेम्स कोन यांचं तिच्यावरचं पहिलं पुस्तक 1969 मध्ये आलं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारा विद्यार्थी नेता स्टीव्ह बिको आणि त्याच्या विद्यार्थी सोबत्यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. गरिबाघरी जन्मलेला, परक्या रोमन सत्तेखाली वाढलेला येशू नेमका कोणाच्या बाजूचा, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. पोलिसांच्या ताब्यात झालेल्या मारहाणीने 12 सप्टेंबर 1977 रोजी बिको गेला. वय अवघं तीस.

तरी सवाल उरलाच. 1982 मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांची परिषद भरली. मिशन चर्चचे धर्मगुरू ॲलन बूसाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे गोऱ्या दक्षिण आफ्रिकी चर्चांसोबत प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. ज्या पंगतीतून त्यांच्या पूर्वजांना उठवलं होतं, ती आता त्यांनीच नाकारली. वर्णभेदाला धर्माचा आधार देणं हे पाखंड आहे, असं परिषदेने जाहीर केलं आणि बूसाक यांनाच अध्यक्ष निवडलं. मिशन चर्चने त्याच वर्षी ‘बेल्हार’ हा विश्वासाचा जाहीरनामा लिहिला, 1986 मध्ये तो स्वीकारला.

1994 मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी मिशन चर्च आणि काळ्यांचं रिफॉर्म्ड चर्च एकत्र आली. गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चनेही वर्णभेद पाप होतं हे कबूल केलं आहे. पण बेल्हारला आपला जाहीरनामा मानण्याइतकं बहुमत तिथे जमलेलं नाही, आणि 1881 मध्ये दुभंगलेली ही चर्चं अजून एक झालेली नाहीत.