पफिनच्या चोचीतला हिशोब



गेल्या जूनमध्ये आम्ही यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, बेम्प्टनच्या कड्यावर, पफिन बघायला गेलो होतो. दोन तास वारा खाल्ल्यावर एक दिसला. चोचीत सात-आठ रुपेरी मासे, मिशांसारखे दोन्ही बाजूंना लोंबत होते. माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, हे मासे माणसांनी पकडलेच नाहीत तर किती पक्षी वाढतील?" मी म्हटलं, "खूप." घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की याच प्रश्नावरून ब्रिटन आणि युरोपीय संघ हेगच्या लवादापुढे उभे राहिले होते, आणि उत्तर काही 'खूप' असं नव्हतं.

त्या माशाचं नाव सँडईल. नावात ईल आहे, पण ही ईल नव्हे. लांबुडका, बारीक, वाळूत राहणारा मासा. हिवाळा बहुतेक वाळूत पुरून काढतो, वसंतात बाहेर येतो, आणि दिवसा खाऊन रात्री परत वाळूत शिरतो. पफिन, किटिवेक, कॉड, व्हायटिंग, सील, मिंके देवमासा, सगळ्यांचं पोट त्याच्यावर. आपण इथे बांगडा समजून ज्याचं तिखलं करतो तो मॅकरेलसुद्धा सँडईल खातो. (आपल्या बांगड्याचा तो चुलतभाऊच, पण चव तीच आहे असं मला कोणी पटवू नये.)

माणूस मात्र हा मासा ताटात घेत नाही. मुख्यतः डॅनिश बोटी तो पकडतात. त्याची भुकटी आणि तेल काढतात, आणि ते डुकरांच्या नि पाळीव सामनच्या खाद्यात जातं. 1990च्या दशकाच्या अखेरीस उत्तर समुद्रातून वर्षाला 10 लाख टनांच्या आसपास सँडईल निघत होता. पुढच्या काही वर्षांत ही पकड कोसळली.

आता पक्षी का घटले? बोटींमुळे, की समुद्र तापल्यामुळे? हे सांगायला शास्त्रज्ञ जे वापरतात ते मॉडेल म्हणजे एक खानावळीची वही समजा. समुद्रातल्या जिवांचे गट करायचे. प्रत्येक गटाचं एकूण वजन किती, वर्षात तो किती वाढतो, किती खातो, कोणाला खातो, आणि त्याला कोण खातं, हे लिहायचं. मासेमारीच्या बोटी हाही एक खाणाराच. शेवटी जमाखर्च जुळला पाहिजे. वर्षाला जेवढा सँडईल तयार होतो त्यापेक्षा जास्त खाल्ला गेला असं वही म्हणत असेल तर कुठलातरी आकडा चुकला आहे.

ही पद्धत, इकोपाथ, 1984 साली जेफ्री पोलोविना यांनी हवाईजवळच्या एका प्रवाळबेटासाठी मांडली. 1997 मध्ये वॉल्टर्स, क्रिस्टनसेन आणि पॉली यांनी तिला काळाची जोड दिली, तो इकोसिम. मग बोटी थांबवल्या तर दहा वर्षांनी काय, असं विचारता येऊ लागलं. कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या लोकांनी कर्नाटकालगतच्या अरबी समुद्राची अशीच वही मांडली आहे.

उत्तर समुद्राच्या वहीत 68 गट आहेत आणि तिची सुरुवात 1991 पासून होते. 1991च का? कारण त्या वर्षी अनेक देशांनी मिळून हजारो माशांची पोटं फाडून आत काय आहे ते मोजलं होतं. या किचकट गणिताचा पाया असा कोणीतरी चिमट्याने पोटातले काटे वेगळे करण्यावर उभा आहे, हे मला फार आवडलं.

आता गंमत बघा. बोटी थांबल्या म्हणून वाचलेला सँडईल पफिनच्या नावावर जमा होत नाही. व्हायटिंग, मॅकरेल, सील तिथे आधीच ताट मांडून बसलेले असतात. शिवाय तो वाळूत असतो तेव्हा बऱ्याच जणांच्या हाती लागत नाही. इकोसिममध्ये हे लपणंही मोजलं जातं. आणि सँडईल स्वतः जे खातो ते कोपेपॉड, डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव, पाणी तापल्यावर बदलले आहेत. थंड पाण्यातली जात उत्तरेकडे सरकली, तिची जागा दुसऱ्या जातीने घेतली, आणि तिचा हंगाम वेगळा. हे आपल्याला माहीत आहे ते 1931 पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढल्या जाणाऱ्या एका साध्या यंत्रामुळे. त्यात रेशमी पट्टीवर हे जीव अडकतात. बंदी घालून पाणी थंड होत नाही.

म्हणून ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी मॉडेल चालवल्यावर, ब्रिटिश पाण्यात पूर्ण बंदी घातली तर समुद्रपक्ष्यांचं एकूण वजन सुमारे 7 टक्के वाढेल, असं उत्तर आलं. मार्च 2024 मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लिश हद्दीत आणि सगळ्या स्कॉटिश पाण्यात बंदी लागू झाली. युरोपीय संघाने हरकत घेतली, आणि त्या मॉडेलवरही बोट ठेवलं. हरकत अगदीच पोकळ नव्हती. असं मॉडेल अख्खा समुद्र एक हौद धरतं. घरट्यावर पिल्लू सोडून आलेल्या किटिवेकला पन्नास मैलांवरच्या माशाचा फारसा उपयोग नाही, हे त्याला कळत नाही. आणि डेन्मार्कच्या एखाद्या बंदरात ज्याचं घर या माशावर चालतं, त्याने 7 टक्क्यांसाठी बोट बांधून ठेवायची का?

2025 मध्ये लवादाचा निकाल आला. ब्रिटनने उपलब्ध असलेलं उत्तम शास्त्र वापरलं, हे मान्य झालं. इंग्लिश हद्दीपुरता मात्र ठपका आला: बंदीचा मच्छीमारांवर होणारा परिणाम तोलून पाहायला हवा होता, तेवढा पाहिला नाही. बंदी टिकली.

माझं मत विचाराल तर बंदी असावी. पाणी तापणं आपल्या हातात लगेच नाही, जाळं आहे. पण डॅनिश मच्छीमाराचा हिशोब त्या वहीच्या 68 गटांत कुठेच नाही, तो वेगळ्या वहीत मांडायला हवा होता, हेही खरं.

लेकीला सांगितलं, शंभराचे एकशे सात. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग ते सात आपल्याला दिसले तर?" पुढच्या जूनला पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी दुर्बीण घेऊन.